डॉट को डॉट इन, मुक्काम पोस्ट नगर

असे किस्से घडत असतात ना, तेव्हा ते किस्से आहेत हे कुणालाच कळत नाही! तेव्हा तो नुसता डोक्याला ताप असतो. समोर गिऱ्हाईक चिडलेलं, मुंबईचा फोन लागत नाही, त्यात लाइट गेलेली. मग वर्षं जातात आणि एखाद्या लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणतं, "मॅडम, ती प्रायमरी-सेकंडरीची गंमत सांगा की!" एक सांगायला घेतली की तिच्यामागून चार येतात आणि जिलबी पानात तशीच राहते.

आमचं ऑफिस नगरला सावेडीत होतं. ऑफिस म्हणजे एका डॉक्टरांच्या बंगल्याची खालची खोली, त्यात दोन कॉम्प्युटर, एक सोफा आणि एक फोन. काळ नव्वदच्या दशकाच्या अखेरचा. आम्ही तिघं भागीदार. मिलिंद साळवे इंजिनिअर, एमआयडीसीतली बरी नोकरी सोडून आलेला. दत्ता शेळके, म्हणजे आमचे दत्ताभाऊ, नेवाशाकडच्या शेतकरी घरातले. त्यांना कॉम्प्युटर चालू करता यायचा नाही, पण जिल्ह्यात त्यांना ओळखत नाही असं गाव सापडायचं नाही. आणि तिसरी मी, वैशाली. बी.कॉम. कागदपत्रं, फोन आणि या दोघांची भांडणं ही खाती माझ्याकडे.

धंदा काय? तर लोकांना वेबसाइट करून द्यायची. पण वेबसाइटच्या आधी लागतं नाव. अमुक-डॉट-को-डॉट-इन. त्याला म्हणायचं डोमेन नेम. शेवटचं 'इन' म्हणजे इंडिया, आणि ते मिळायचं मुंबईच्या एका ऑफिसातून. 'डॉट कॉम' कुणीही घ्यावं, कुणी विचारत नसे. पण देशाचं नाव मागे लावायचं तर नियम कडक! तुमची कंपनी नोंदलेली हवी, नोंदणीचा कागद हवा, मागितलेलं नाव कागदावरच्या नावाशी जुळायला हवं. नियम इंग्रजीत. ते मिलिंद वाचायचा आणि मला समजावायचा, मी दत्ताभाऊंना समजावायची, दत्ताभाऊ गिऱ्हाइकाला. एवढ्या प्रवासात त्या नियमाचं जे काही व्हायचं, ते तुम्हीच ऐका.

*

आमचं पहिलं गिऱ्हाईक गोरेशेठ. बियाण्यांचे मोठे व्यापारी. त्यांना दत्ताभाऊंनी गाठलं आणि सांगितलं, "शेठ, इंटरनेटवर जागा घेऊन टाका. आत्ता मोकळं रान हाय, पुढं लई गर्दी हुनार."

शेठ दुसऱ्या दिवशी हजर. सोबत मेहुणे. मेहुण्यांना जमिनीच्या व्यवहारातलं कळतं, म्हणून त्यांना मुद्दाम आणलेलं!

मेहुण्यांनी बसल्या बसल्या विचारलं, "जागा कुठंशी आहे?"

मिलिंद प्रामाणिक माणूस. म्हणाला, "तशी कुठेच नाही. म्हणजे, एका अर्थानं सगळीकडे आहे."

शेठनी मेहुण्यांकडे पाहिलं.

"सातबारा कुणाच्या नावावर?" मेहुण्यांनी पुढचं विचारलं.

"सातबारा नसतो. नाव तुम्हाला वापरायला मिळतं. मालकी अशी नसते."

"बरं. एन.ए. झालेली आहे का?"

मिलिंद खडू घेऊन उठला. त्याने फळ्यावर चित्र काढलं. चित्रात बरेच गोल आणि त्यांना जोडणाऱ्या बऱ्याच रेघा. शेठ आणि मेहुणे त्या चित्रात आपला गट नंबर शोधत राहिले. शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला, "असं समजा शेठ, माहितीचा एक महामार्ग आहे. सगळ्या जगाची वाहतूक त्याच्यावरून चाललीय. त्या महामार्गावर तुमची पाटी लागणार."

शेठचा चेहरा एकदम उजळला. मेहुण्यांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "अहो, मग आधी नाही का सांगायचं? हायवे टच आहे!"

*

नाव कागदावरच्या नावाशी जुळलं पाहिजे, हा नियम ऐकायला किती साधा! त्याने टेकाळेकाकांना महिनाभर झोप येऊ दिली नाही.

टेकाळेकाकांचा नेवाशाला मसाल्याचा कारखाना. नाव 'ज्ञानाई मसाले'. नेवासा म्हटल्यावर नावात 'ज्ञान' येणारच. मराठीत काही प्रश्न नव्हता. पण डोमेन नेम इंग्रजी अक्षरांत लागतं, आणि 'ज्ञ' इंग्रजीत कसा लिहायचा यावर महाराष्ट्रात अजून एकमत झालेलं नाही!

आम्ही सगळे कागद मुंबईला पाठवले. तिकडून चौकशी आली. नोंदणीच्या कागदावर नाव 'डी-एन' ने सुरू होतंय. लेटरहेडवर 'जी' ने. सोबत जोडलेल्या मसाल्याच्या पाकिटावर 'जे-एन' ने. तर या तीन वेगवेगळ्या कंपन्या दिसतात. यांपैकी अर्जदार कोण, ते कृपया कळवावे.

काकांना मी ते वाचून दाखवलं. काकांनी तिन्ही नावं बोटांवर मोजली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मग आपण नक्की कोण?"

मिलिंदने मुंबईला फोन केला. "साहेब, मराठीत नाव एकच आहे हो." पलीकडचे साहेब सज्जन होते. म्हणाले, "मला मान्य आहे. पण नियमात मराठी नाही."

शेवटी तोडगा निघाला. काकांनी प्रतिज्ञापत्र करून द्यायचं, की ही तिन्ही नावं एकाच कंपनीची आहेत. काका लगेच कोर्टाच्या आवारात गेले, टाइप करून, सही-शिक्का घेऊन संध्याकाळी परत आले. मोठ्या समाधानाने त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. मी वाचायला घेतला आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

झालं असं होतं, की टायपिस्टने खाली काकांच्या सहीशेजारी कंपनीचं नाव टाकताना स्वतःच्या मनाने 'जी-एन' केलं होतं.

काकांनी कागद उलटा केला, सुलटा केला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग डोक्याला हात लावून म्हणाले, "आता हा चौथा कोण?"

*

फोनवरून अक्षरं सांगणं हे आणखी एक प्रकरण. एसटीडीचा फोन, त्यात खरखर. 'एम' म्हटलं की पलीकडे 'एन' ऐकू यायचं. एकदा मी रजेवर, मिलिंद बाहेर, आणि मुंबईच्या साहेबांचा फोन. 'निसर्ग रोपवाटिका' या अर्जातलं 'निसर्ग' नीट दिसत नाही, जरा एकेक अक्षर सांगा. फोनवर दत्ताभाऊ!

दत्ताभाऊंनी मला असं सांगताना ऐकलेलं होतं, की 'ए फॉर' अमुक, 'बी फॉर' तमुक. त्यांनी ते जिल्ह्याच्या हिशेबाने बसवलं.

"लिवून घ्या साहेब. एन फॉर नेवासा."

"हं."

"आय फॉर..." इथे गाडी अडली. नगर जिल्ह्यात 'आय' चा तालुकाच नाही! दत्ताभाऊंनी क्षणभर विचार केला. "आय फॉर आय! आय वो, आपली आय. म्हातारी!"

"हं... पुढे?"

"एस फॉर श्रीगोंदा. ए फॉर अकोले. आर फॉर राहुरी. जी फॉर... जी फॉर जीपगाडी!"

पलीकडे लिहिण्याचा आवाज. मग साहेबांनी वाचून दाखवलं, "ठीक आहे. म्हणजे हेड ऑफिस नेवासा. शाखा श्रीगोंदा, अकोले आणि राहुरी. वाहन एक, जीप. फक्त एवढंच सांगा, आपल्या मातोश्री कंपनीत कोणत्या पदावर आहेत?"

*

आता ती प्रायमरी-सेकंडरीची गंमत.

नियम असा होता, की नाव मागण्याआधी तुमचे दोन सर्व्हर तयार पाहिजेत. सर्व्हर म्हणजे तुमचं नाव सांभाळणारे, कुणी विचारलं तर पत्ता सांगणारे कॉम्प्युटर. एक प्रायमरी, आणि तो बंद पडला तर दुसरा सेकंडरी. अर्जात दोघांची नावं आणि त्यांचे 'आय.पी. ॲड्रेस', म्हणजे आकड्यांतले पत्ते, भरायचे. ते आम्हीच भरायचो. पण पाथर्डीकडच्या एका शिक्षण संस्थेने सांगितलं, अर्ज आमच्याकडे पाठवा. आमचे कार्यालयीन अधीक्षक सगळे अर्ज स्वतः भरतात. कोणाकडून भरून घेण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

अर्ज भरून आला. अक्षर मोत्यासारखं.

प्रायमरी: श्रीमती घुले, मुख्याध्यापिका.

सेकंडरी: श्री. खेडकर, मुख्याध्यापक.

आय.पी. ॲड्रेसच्या रकान्यात पोलीस स्टेशनचा पत्ता! आय.पी. म्हणजे इन्स्पेक्टर, पोलीस. आता यात त्यांची काय चूक, सांगा. त्या रकान्यात तसं काहीच समजावून सांगितलेलं नव्हतं. मी मिलिंदला अर्ज दाखवला. तो हसला नाही, कारण त्याला अधीक्षकांना फोन करायचा होता. खूप विचार करून त्याने सुरुवात केली.

"साहेब, ते नावांबद्दल जरा... म्हणजे हे जे दोन सर्व्हर असतात ना, नियमाप्रमाणे ते दोन्ही चोवीस तास चालू असावे लागतात. कधीही, कुठूनही, कुणीही विचारलं तरी त्यांनी लगेच उत्तर दिलं पाहिजे."

पलीकडे अधीक्षक गंभीर झाले.

"चोवीस तास? अवघड आहे. घुलेबाई साडेपाचच्या एसटीने जातात. खेडकर सरांना विचारून बघतो, ते शाळेच्या आवारातच राहतात!"

*

नगर जिल्ह्यात सहकाराबद्दल बोलताना माणसाने जपून बोलावं. मिलिंद हे एकदा विसरला.

एका सहकारी दूध संस्थेचं काम दत्ताभाऊंनी आणलं होतं. चेअरमन तात्या. संचालक मंडळाच्या बैठकीत आम्हाला बोलावलं. चहा झाला, पेढे झाले आणि मिलिंदने विषय मांडला, की नाव तर ठरलंय, पण पुढे काय लावायचं? 'ऑर्ग' की 'को'? नियमात दोन वेगवेगळे वर्ग आहेत.

"ऑर्ग म्हंजी काय?" तात्यांनी विचारलं.

"ऑर्गनायझेशन. म्हणजे संघटना."

बैठकीत कुजबुज सुरू झाली. तात्या सावरून बसले. "संघटना? ह्ये मोर्चे काढत्यात त्यांची? आवो, आमी त्यांच्या पॅनेलच्या विरोधात निवडून आलोय!"

"बरं, मग दुसरं आहे 'को'. डॉट को डॉट इन."

तात्यांचा चेहरा फुलला. त्यांनी सगळ्या मंडळाकडे बघितलं. "बघा! दिल्लीला आपली आठवन हाय म्हनायची. खास को-ऑपरेटिव्हसाठी 'को' ठिवलाय!"

टाळ्या पडल्या. टेबलाखालून दत्ताभाऊंनी मिलिंदच्या पायावर पाय ठेवला. पण इंजिनिअर तो इंजिनिअर. "नाही तात्या," तो म्हणाला, "को म्हणजे को-ऑपरेटिव्ह नाही. को म्हणजे कंपनी."

टाळ्या थांबल्या. एका संचालकांनी हातातला पेढा परत ताटात ठेवला.

"कंपनी?" तात्या अगदी हळू म्हणाले. "आमच्या गावात खाजगी दूध कंपनी आलीया. आमचं दूध तोडायला. आनि आमीच कंपनी म्हनून पाटी लावायची?"

आता हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. खाजगीवाल्यांनी लिटरमागे जादा भाव देऊन त्यांचे निम्मे उत्पादक फोडले होते. 'संस्था कंपनी होतेय' अशी नुसती आवई उठली असती, तरी उरलेलेही गेले असते. मिलिंदलाही ते कळलं. अर्धा तास चर्चा झाली. ऑर्ग लावलं तर विरोधकांचं, को लावलं तर खाजगीवाल्यांचं. मग सहकाराचं काय?

शेवटी तात्यांनी सेक्रेटरीला ठराव लिहून घ्यायला सांगितलं. तो ठराव मी स्वतः वाचलेला आहे. 'डॉट को डॉट इन यांतील को या अक्षराचा अर्थ या संस्थेपुरता को-ऑपरेटिव्ह असाच धरण्यात यावा. सर्वानुमते मंजूर.'

सही करून तात्यांनी पेनाला टोपण लावलं आणि मिलिंदला म्हणाले, "मुंबईला कळवून टाका. आमच्याकडून दुरुस्ती झालेली हाय!"

*

मिलिंदचे वडील साळवे गुरुजी. सेवानिवृत्त शिक्षक. त्यांच्या वस्तीत एका खोलीत ते वाचनालय चालवायचे. शाळेत नोकरीला लागल्यापासून रोज संध्याकाळी खोली उघडायची, पोरांनी अभ्यासाला बसायचं. त्या खोलीत बसून शिकलेले आता कुठे कुठे होते. कुणी बँकेत, कुणी नर्स, एकजण थेट जर्मनीत. मिलिंद त्यांना दादा म्हणायचा. त्याच्या मनात आलं, दादांच्या वाचनालयाची वेबसाइट करू या. सगळे पुन्हा एका जागी भेटतील. नाव डॉट ऑर्ग डॉट इन.

अर्ज परत आला. संस्था नोंदणीकृत असल्याचा पुरावा जोडावा.

पुरावा कुठला? नोंदणी कधी केलीच नव्हती. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली गुरुजींकडे, एवढीच संस्था.

गुरुजी त्या दिवशी ऑफिसात आलेले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांनी नियम सगळा वाचून घेतला. मग म्हणाले, "मिलिंद, मला जरा समजावून सांग. आपण आहोत, हे कुणी ठरवायचं?"

"दादा, नियम तसा आहे. कागद लागतो."

"लागू दे. मी नाही कुठे म्हणतोय?" ते माझ्याकडे वळले. "मला शाळेत घातलं ना वैशालीताई, तेव्हा मास्तरांनी माझं नाव लिहिलं कचरू. घरी कुणी ठेवलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, ते झालं. मग छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली. त्या दिवशी मी म्हणालो, मी सिद्धार्थ. कुणी कागद मागितला नाही. म्हणालो, आणि झालो. म्हणून आता जरा गोंधळायला होतं, एवढंच."

मिलिंद मान खाली घालून बसला. त्याला वाटलं, दादा दुखावले. तो म्हणाला, "सोडून देऊ या दादा. डॉट कॉम घेऊ, तिथे काही विचारत नाहीत."

"का म्हणून?" गुरुजींचा आवाज चढला. वर्गात चढत असेल तसा. "आपल्या देशाचं नाव मागे लागतंय ना? मग तेच घ्यायचं. कागद करू."

कागद करायला सभासद हवे होते. गुरुजींनी जुन्या मुलांना निरोप धाडले. नोंदणीच्या दिवशी त्या सरकारी ऑफिसात ही गर्दी! नोकऱ्यांवर रजा टाकून आलेले, पोरंबाळं घेऊन आलेले. क्लार्कला वाटलं, मोर्चाच आला. त्याने गुरुजींना विचारलं, "संस्था कधीपासून सुरू धरायची?"

गुरुजी म्हणाले, "फार वर्षं झाली."

"तसं चालत नाही गुरुजी. नियमाप्रमाणे नोंदणीच्या तारखेपासूनच धरता येते."

गुरुजी गोंधळले. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं. त्यातल्या कितीजणांचे केस पिकले होते. मग म्हणाले, "बरं. लिहा. आजपासून."

बाहेर येऊन मंडळी चहाला थांबली होती. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि मिलिंदला हाक मारली. "चल, चल. उघडायची वेळ होत आली. पहिल्याच दिवशी उशीर बरा दिसत नाही!"

*

आणि वाबळे ब्रदर्स.

फवारणीचे पंप बनवायचे. मोठे भगवानराव, धाकटे सुरेशराव. पंप इतके मजबूत, की शेतकरी पंप म्हणायचेच नाहीत, 'वाबळे' म्हणायचे. 'जरा तुमचा वाबळे द्या, कांद्यावर मारायचाय.' मग काहीतरी बिनसलं. काय बिनसलं ते आम्हाला कधी कळलं नाही. दोघं वेगळे झाले, कारखाना वाटून घेतला, पण नाव सोडायला कुणीच तयार होईना. मग नगरमध्ये दोन वाबळे ब्रदर्स झाले. एक बाजारात, एक सावेडी रोडला. आणि दोन्ही दुकानांत ब्रदर एकेकच!

वर्षानुवर्षं बोलणं बंद. लग्नकार्यात एक आला की दुसरा मागच्या दाराने निघून जायचा.

मग पुण्याच्या एका प्रदर्शनात आफ्रिकेचा एक व्यापारी पंपावर खूश झाला. दोघांच्याही स्टॉलवर गेला आणि दोघांनाही म्हणाला, तुमची वेबसाइट कळवा, ऑर्डर तिच्यावरून देतो. भगवानराव माझ्याकडे आले, सुरेशराव दत्ताभाऊंना गावात भेटले, आणि दत्ताभाऊंनी त्यांचा अर्ज मला न दाखवता परस्पर धाडला. दोघांचेही अर्ज आमच्याकडूनच गेले आणि आम्हाला ते कळलं मुंबईच्या फोनवरून!

"मॅडम, एकाच नावाला दोन अर्ज आहेत. आणि दोघांनीही पुरावा म्हणून एकच कागद जोडलाय. जुना भागीदारीचा. त्यावर दोघांच्याही सह्या आहेत. मी नाव देऊ कुणाला?"

"नियम काय म्हणतो?" मी विचारलं.

"असा नियमच नाहीये. तुम्ही असं करा, दुसऱ्याला नाव द्यायला हरकत नाही, असं पत्र एकाकडून आणा."

आता ही पत्राची गोष्ट समजावून सांगायला मी भगवानरावांना अकरा वाजता बोलावलं. दत्ताभाऊंनी मला न विचारता सुरेशरावांना अकरा वाजताच बोलावलं!

सोफा एकच. दोघं दोन टोकांना बसले. मधे भिंत असावी तशी जागा. मिलिंदने मुंबईचं म्हणणं सांगितलं.

"मिलिंदराव, त्यांना सांगा," भगवानराव भिंतीकडे बघत म्हणाले, "नाव मी चालवलं. कारखाना मी उभा केला."

"मिलिंदराव, त्यांना म्हणावं," सुरेशराव पंख्याकडे बघत म्हणाले, "पंपाचं डिझाइन माझं हाय. नावाला पानी कुनी लावलं मंग?"

मिलिंद इकडून तिकडे मान फिरवत राहिला. दोघंही एकाच सोफ्यावर बसून बोलत होते, त्यामुळे त्याला निरोप पोचवायची गरज नव्हती. तरी तो पोचवत होता!

मी हरकत नसल्याच्या पत्राचा मजकूर दोघांसमोर ठेवला. भगवानरावांनी खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला होता. कागद लांब धरला, जवळ धरला, काही जमेना. विचारणार कसं? मग सुरेशरावांनी आपला चष्मा काढला आणि पंख्याकडे बघतच सोफ्यावरून तिकडे सरकवला. भगवानरावांनी तो घेतला, लावला, वाचलं.

"दिसतंय?" सुरेशरावांनी पंख्याला विचारलं.

"दिसतंय," भगवानरावांनी भिंतीला सांगितलं.

त्या दिवशी ठरलं काहीच नाही. दोघंही मजकुराची प्रत घेऊन निघून गेले. आम्हाला वाटलं, दोन्ही गिऱ्हाइकं गेली. चष्मा भगवानरावांच्याच डोळ्यांवर गेला होता, सुरेशरावांनी तो मागितला नव्हता.

पुढच्या आठवड्यात भगवानरावांचं पाकीट आलं. 'माझे धाकटे बंधू सुरेश यांस सदर नाव देण्यास माझी हरकत नाही. माझा अर्ज रद्द समजावा.' मी आणि मिलिंद आनंदाने उडालोच. पत्र तडक मुंबईला धाडलं.

दुपारी दत्ताभाऊ आले. त्यांच्या हातात सुरेशरावांचं पाकीट. 'माझे थोरले बंधू भगवानराव यांस सदर नाव देण्यास माझी हरकत नाही. माझा अर्ज रद्द समजावा.' एकाला दुसऱ्याच्या पत्राचा पत्ताच नव्हता! तेही मुंबईला धाडलं. करणार काय?

मग मुंबईचा फोन आला. साहेबांचा आवाज अगदी थकलेला.

"मॅडम, आधी दोघंही नाव मागत होते. आता दोघंही दुसऱ्याला द्या म्हणतायत, आणि अर्ज तर दोघांनीही रद्द केलेत. माझ्याकडे अर्जदारच उरला नाही. तिकडे नेमकं चाललंय काय? हे नाव मी कुणाच्या नावावर टाकू?"

मी मिलिंदकडे बघितलं. मिलिंदने नियमांची फाइल उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला. तेवढ्यात दत्ताभाऊंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"साहेब, ऱ्हाऊ द्या ते नाव तुमच्याकडंच थोडे दिवस. हिकडं दोघांचं 'तू घे, तू घे' चाललंय. लगीच मिटवू नका!"